न मागता घेतलेली भिक्षा

आमच्या देवस्थानाच्या सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना उजव्या हाताच्या खांबावर एक पितळी पाटी आहे. देवाचे छायाचित्र घेण्यास सक्त मनाई असल्याचे तिच्यावर लिहिले आहे. पाटी जुनी. अक्षरे पुसट झाली तेव्हा व्यवस्थापक मंडळाने खर्च करून ती पुन्हा कोरून घेतली, आणि त्या खर्चाविषयी सर्वसाधारण सभेत कोणी एक शब्द काढला नाही. एरवी आमच्या सभेत तेलाच्या डब्यावरूनही तासभर वाद होतो! देव हा टिपून नेण्याचा विषय नव्हे, त्याच्यापुढे उभे राहण्याचा आहे, हे आमच्या मंडळींना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

यंदाच्या वर्धापनदिनी त्याच सभामंडपात, त्या पाटीपासून दहा हातांवर, आमच्या समाजातील परदेशी शिकणाऱ्या मुलामुलींनी आशिया खंडात हिंडताना टिपलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले होते. कोणी सिंगापुरात अभियांत्रिकी शिकतो, कोणी तैवानात संशोधन करते, दोघे-तिघे जपानात आहेत, एकजण नेपाळात वैद्यक शिकतो. चाळीसएक चित्रे होती. डोंगर होते, भातशेते होती, आगगाड्या होत्या. त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु पहिल्या रांगेत, जिथे झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, तिथे माणसे होती. क्योतोच्या एका अरुंद गल्लीत, पांढऱ्या रंगाने माखलेला चेहरा हाताआड लपवीत झपझप निघालेली मुलगी. अंकोरच्या दगडी चौकटीत बसलेला, कॅमेरा दिसताच मान वळवू पाहणारा कोवळा भिक्षू. आणि काठमांडूला बागमतीच्या पलीकडच्या काठावरून घेतलेली, पशुपतिनाथाच्या आर्यघाटावरची चिता. तिच्या धुरातून अर्धवट दिसणारा, नुकतेच मुंडन झालेला एक तरुण.

घरात कोणी गेले तर दहा दिवस देवळाची पायरी न चढणारे आम्ही लोक. परक्या घरची चिता मात्र आम्ही चौकटीत बसवून सभामंडपात टांगली, आणि तिच्याखाली उभे राहून पेढे वाटले.

पहिले पारितोषिक मिळाले ते लाओस देशातील लुआंग प्रबांग येथील एका चित्राला. पहाटेची वेळ, रस्त्याकडेला चटईवर गुडघे टेकून बसलेली एक वृद्ध स्त्री, खांद्यावरून घेतलेले वस्त्र, हातात चिकट भाताची वेताची टोपली, आणि ती टोपली तिने कपाळाला लावलेली. डोळे मिटलेले. समोरून काषाय वस्त्रांची रांग येते आहे. चित्र सुंदर आहे, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. ते माझ्या पुतण्याच्या मुलाने काढलेले आहे, तेव्हा माझ्या या लेखात आपपर भाव नाही एवढे तरी वाचकांनी पदरात घालावे. हेच चित्र त्याच्या विद्यापीठाच्या स्पर्धेतही अगोदर निवडले गेले होते. मी त्याला विचारले, "अरे, या आजींचे नाव काय?"

"कुठल्या आजी, आजोबा?"

मी चित्राकडे बोट केले. तो हसला. "ते कोण विचारतं?" म्हणाला. मग कौतुकाने सांगू लागला, की रस्त्याच्या पलीकडून लांब पल्ल्याच्या भिंगाने त्याने त्या सकाळी दोनशे चित्रे घेतली आणि तिला पत्ताही लागला नाही.

मुलगा गुणी आहे. वडीलधाऱ्यांना मान देतो, परदेशातही एकादशी सोडत नाही. म्हणूनच लिहावेसे वाटले. उनाड मुलाने केले असते तर त्याच्या आईबापांशी बोलून प्रश्न मिटला असता. इथे एका सुसंस्कृत मुलाला आपण काही चुकलो असे जराही वाटत नाही, त्याच्या विद्यापीठाला वाटत नाही, आणि पारितोषिक देणाऱ्या आम्हांलाही वाटले नाही.

चित्रांखालच्या पट्ट्या मी एकेक वाचल्या. वृद्धेच्या खाली 'श्रद्धा'. क्योतोच्या मुलीखाली 'लाजरी'. भिक्षूखाली 'शांती'. चितेखाली 'अनंत'. शाळेत व्याकरण शिकताना आम्हांला नामाचे प्रकार घोकावे लागत. ज्याला विशेषनाम आहे त्याचे विशेषनाम काढून घेऊन त्याच्या गळ्यात भाववाचक नाम अडकवायचे, हाच या कलेचा मुख्य व्यापार दिसतो. ती मुलगी लाजत नव्हती, सुटका करून घेत होती. तो भिक्षू शांत नव्हता, अवघडला होता. आणि चितेवर जो कोणी होता तो अनंत नव्हता; त्याला जन्म होता, गोत्र होते, त्याच्यामागे रडणारी माणसे होती.

या व्यापाराची वहिवाट जुनी आहे. इंग्रजी राज्यात १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत, आणि बहुतेकांखाली लिहिले आहे ते माणसाचे नाव नव्हे, त्याची जात किंवा जमात. आमचेच आजे-पणजे त्यात नमुने म्हणून उभे आहेत, ज्याप्रमाणे पाठ्यपुस्तकात पानाफुलांचे नमुने असतात. ते खंड पाहताना आपल्याला राग येतो आणि तो योग्यच आहे. मात्र त्या रागाचा धनी नेहमी गोरा साहेबच असला पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. आता आमची मुले परदेशच्या विद्यापीठांत शिकतात, त्यांच्या हाती साहेबाच्या कॅमेऱ्याहून शतपट चांगला कॅमेरा आहे, आणि समोर लाओसची म्हातारी आहे. साहेब गेला, त्याची जागा रिकामी राहिली नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि सर्वांच्या पाहण्यातले. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मक्करी या अमेरिकन छायाचित्रकाराने एका अफगाण मुलीचे चित्र घेतले. १९८५ च्या जूनमध्ये ते 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आले आणि त्या हिरव्या डोळ्यांनी जगाला वेड लावले. ते चित्र शाळेच्या तंबूत घेतलेले आहे. ती मुलगी विद्यार्थिनी होती! शाळेत हजेरीपट असतो, शिक्षक असतो, नाव विचारायला अर्धा क्षण पुरतो. तिचे नाव शरबत गुला हे जगाला कळले २००२ साली, आणि स्वतःचे ते जगप्रसिद्ध चित्र तिने प्रथम पाहिले तेही त्याच वर्षी. सतरा वर्षे तिचा चेहरा साऱ्या पृथ्वीवर हिंडला, आणि ती स्वतः त्या प्रवासाविषयी अनभिज्ञ राहिली. छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमांत हे चित्र आदर्श म्हणून दाखवतात. त्याबरोबर ही सतरा वर्षेही शिकवावीत.

आता लुआंग प्रबांगविषयी थोडे विस्ताराने. हे नगर १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तिथल्या अनेक विहारांतून भिक्षू रोज पहाटे अनवाणी, मौन पाळून, रांगेने भिक्षेला निघतात. गृहस्थ स्त्री-पुरुष आधीच उठून भात शिजवतात, चटईवर बसतात आणि प्रत्येक पात्रात मूठभर घालतात. टोपली कपाळाला लावायची ती दान देण्याआधी, मनातल्या मनात काही म्हणण्यासाठी. यात पाहणाऱ्यासाठी काहीही नाही. सर्व काही देणाऱ्यासाठी आणि घेणाऱ्यासाठी आहे. आणि पाहणारे आता इतके झाले आहेत की प्रवाशांनी अंतर राखावे, दिव्याचा झोत टाकू नये, अशा सूचना तिथे लावाव्या लागल्या.

आमच्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. आपल्याकडचा विद्यार्थी हाच मुळी भिक्षेकरी होता. मौजीबंधनात बटूला पहिली शिकवण मिळते ती मागण्याची. झोळी पुढे करून, तोंडाने उच्चार करून, आईपुढेही मागण्याची. माधुकरी मागून शिकलेले शास्त्री आमच्या गावोगाव होते. माझे वडील पोर्तुगीज अमदानीत गोव्याहून बेळगावला शिकायला गेले आणि वार लावून जेवले. सात घरे, सात वार. ते सांगत, की एका घरी त्यांना 'बुधवारचा मुलगा' म्हणत. पाहुणे आले की यजमान मोठ्या कौतुकाने म्हणत, हा आमचा बुधवारचा मुलगा. जेवण तिथे उत्तम असे, तूपही सढळ. पण वडील म्हातारपणी आठवण काढीत ती शुक्रवारच्या घराची. त्या घरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी पान वाढण्याआधी त्यांना नाव विचारले होते आणि नंतर कधी वाराने हाक मारली नव्हती.

भिक्षेच्या पंक्तीत उभा राहिलेला जो विद्यार्थी, त्याच्या वंशजाने आज भिक्षेच्या पंक्तीसमोर दडून बसावे आणि न मागता घेऊन जावे, हा काय प्रकार आहे? मागणारा आधी लहान होतो, मग त्याला मिळते. हा लहान होत नाही. हा रस्त्यापलीकडे उभा राहतो.

इथे कोणी म्हणेल, की त्या भाबड्या लोकांना कॅमेऱ्याचे काय कळणार, त्यांना कसली हरकत? हा युक्तिवाद ऐकून मला हसू येते. लुआंग प्रबांगच्या विहारांतील भिक्षू स्वतःच शतकाहून अधिक काळ छायाचित्रे काढीत आणि जपीत आले आहेत. फा खामचान नावाच्या तेथील थोर महास्थविरांनी, जे २००७ साली निवर्तले, अशी हजारो चित्रे आयुष्यभर सांभाळली. क्रांती झाली, राजवट बदलली, तरी सांभाळली. हान्स गेओर्ग बेर्गर या जर्मन छायाचित्रकाराच्या साहाय्याने पुढे त्यांचा संग्रह उभा राहिला. विविध विहारांतून गोळा केलेली तीस हजारांहून अधिक चित्रे त्यात आहेत. गुरू, शिष्य, दीक्षाविधी, अंत्यविधी असे त्यांचे विषय. म्हणजे दीक्षेचे आणि अंत्यविधीचेही चित्र घेता येते. ते घेणारा त्या विधीत सामील असतो, आणि चित्र पुन्हा त्याच विहारात राहते. बेर्गर परकाच होता. तो त्या विहारांत वर्षानुवर्षे राहिला, आचार्यांना विचारून चित्रे घेऊ लागला, आणि अखेर त्यांच्याच चित्रांचा राखणदार झाला. परकेपणा आड येत नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे. घाई आड येते.

आणि म्हणून माझा रोख प्रवाशांवर नाही, विद्यार्थ्यांवर आहे. प्रवासी चार दिवसांचा. त्याला ना भाषा, ना वेळ. त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. अंकोरला विवस्त्र होऊन चित्रे काढल्यामुळे २०१५ साली काही परदेशी लोकांना कंबोडियातून हाकलले गेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या अप्सरा प्राधिकरणाने आचारसंहिता जाहीर केली. मंदिरांच्या त्या परिसरात असले चाळे झाले म्हणून आपल्याकडेही हळहळ व्यक्त झाली. पण अशांचा निषेध करण्यात पुरुषार्थ तो कोणता? तो कोणीही करील. विद्यार्थी मात्र दोन-तीन वर्षे तिथे राहतो. तो शिकायला आलो म्हणतो. त्याच्या हाताशी भाषेचे वर्ग असतात, स्थानिक सोबती असतात, पुन्हा त्याच गल्लीत जाण्याची सोय असते. ज्याला नाव विचारणे शक्य आहे आणि तरी तो विचारीत नाही, त्याची चूक अज्ञानाची नव्हे. आणि त्याच्या विद्यापीठाने स्पर्धा लावून, विषयसूचीत 'लोक व संस्कृती' असा विभाग ठेवून, अर्जात कॅमेऱ्याचे नाव, भिंगाचे माप आणि ठिकाण विचारावे, आणि माणसाचे नाव विचारू नये, हे तर शिक्षणाच्या नावाखाली उलटे शिक्षण झाले.

क्योतोच्या गिओन भागातील मंडळींनी शेवटी २०१९ साली खाजगी गल्ल्यांच्या तोंडाशी पाट्या लावल्या: विनापरवाना चित्र घेतल्यास दहा हजार येन. त्यानेही भागेना, तेव्हा २०२४ साली अशा काही गल्ल्या परक्यांना बंदच केल्या. ज्या मुलींच्या मागे लोक धावतात त्या 'मायको' म्हणजे नृत्य, गायन, वादन शिकणाऱ्या उमेदवार मुली. कित्येकींचे वय आमच्या मॅट्रिकच्या मुलींएवढे. एक विद्यार्थिनी गुरूकडून शिकून आपल्या कामावर निघाली आहे आणि दुसरा विद्यार्थी तिच्या मागे धावतो आहे! आपल्या गावात आपल्या मुलीच्या मागे असा कोणी धावला असता, तर आपण त्याला पारितोषिक दिले नसते.

कायद्याचा मुद्दा काढणारे वकील आमच्या मंडळातही आहेत. रस्ता सार्वजनिक आहे, तेव्हा चित्र घेण्याचा हक्क आहे, असे ते म्हणतात. असेल. सार्वजनिक रस्त्यावर जांभई देणाऱ्याकडे टक लावून पाहण्याचाही हक्क आहे. तो आपण बजावीत नाही.

कलावंतांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. विचारायला गेले की माणूस सावध होतो, पोशाख सारखा करतो, हसतो, आणि जे टिपायचे होते ते निसटते. हे अगदी खरे आहे. आणि निसटू द्यावे, असे माझे म्हणणे आहे. काही गोष्टी निसटण्यासाठीच असतात. ती आजी टोपली कपाळाला लावताना जे म्हणाली ते निसटलेच ना? त्याशिवाय, विचारून घेतलेल्या चित्रांत कला नसते हे सिद्ध कोणी केले? राजा दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस असताना कॅमेरा शिकले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांच्यापुढे बसणारी माणसे पूर्ण सावध होऊन बसत. तरी त्या चित्रांपुढे आजही आपण थबकतो. पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. चित्र तर हवे, पण पडदाही मोडू नये, यासाठी त्या माणसाने केवढी यातायात केली पाहा. आणि बडोद्याच्या वाचकांना होमाई व्यारावाला यांच्याविषयी मी काय सांगावे? देशातील पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार, अखेरची वर्षे बडोद्यात घालवून २०१२ साली तिथेच निवर्तल्या. त्यांनी १९७० साली कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. नव्या छायाचित्रकारांची वागणूक पाहून या धंद्यात राहावेसे वाटेना, असे त्या स्वतः सांगत. हाती एवढी विद्या असून ती केवळ शिष्टाचारापायी सोडून देणारी बाई!

एक आक्षेप मात्र माझ्या वर्मी लागतो, आणि त्याला उत्तर नाही. एका तरुणाने मला ऐकवले, की काका, आरती सुरू झाली की तुमच्याच पिढीचे हात टाळीसाठी वर जातात की मोबाइलसाठी? पालखीपुढे चित्रफीत घेणारा माणूस उलटा चालतो, देवाकडे पाठ न फिरवण्याच्या भक्तीने नव्हे, हे आम्ही पाहत नाही का? दरवर्षी जत्रेत आकाशातून घोंघावणारे ते यंत्र कोणी भाड्याने आणले? मंडळानेच. मी त्या मंडळाचा सभासद आहे. त्या ठरावाच्या दिवशी मी हजर होतो आणि काही बोललो नाही. मुलांनी हे घरीच पाहिले आहे, हे कबूल केले पाहिजे.

तरी घरचे देव आपण पाटीआड सुरक्षित ठेवतो, ही गोष्ट उरतेच. काठमांडूच्या कुमारी घरात जिवंत देवीचे चित्र घेऊ देत नाहीत. काशीला मणिकर्णिकेवर चितेचे चित्र घेऊ नका म्हणून विनवतात. ही बंधने ऐकून आम्ही मान डोलावतो, आमच्या लोकांची म्हणून. आपला बाप मणिकर्णिकेवर जळत असता कोणा परदेशी विद्यार्थ्याने नौकेतून चित्र घेतले, आणि त्याच्या महाविद्यालयाच्या भिंतीवर ते 'मोक्ष' म्हणून लागले, तर काय वाटेल याचा विचार आमच्या पारितोषिक समितीने बागमतीकाठच्या त्या मुंडन केलेल्या मुलाच्या जागी उभे राहून करायला हवा होता. तो मुलगाही हिंदू आहे, हे तरी त्यांच्या ध्यानात यावे. आणि नसता, तरी काय फरक पडला असता?

उपाय काही अवघड नाहीत, आणि ते विद्यार्थ्यांनीच शोधलेले आहेत. नॉर्वेतील विद्यार्थी व अध्यापक यांच्या आंतरराष्ट्रीय साहाय्य-संघटनेने २०१७ साली परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली: समोरच्याची प्रतिष्ठा जपा, समजावून सांगून संमती घ्या, हे चित्र आपल्याला का हवे आहे ते स्वतःला विचारा, ठरीव साचे मोडा. चार वाक्ये. आमच्याकडे यासाठी पोथी लागत नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहून हाक मारावी आणि 'या' म्हटल्यावर आत जावे, एवढे प्रत्येक घरात शिकवलेले असते.

मी मंडळाकडे लेखी सूचना दिली आहे. चिता, अंत्यविधी आणि चालू पूजा यांची चित्रे सभामंडपात लावू नयेत. माणसाचे चित्र असेल तर त्याचे नाव, त्याने होकार दिल्याचा उल्लेख, आणि चित्राची एक प्रत त्याला दिली की नाही, हे अर्जात लिहावे. नाव नसेल ते चित्र कितीही सुंदर असले तरी परत करावे. कार्यकारिणीच्या बैठकीत ही सूचना दोनास सात मतांनी पडली. यामुळे मुलांचा हिरमोड होईल, असे एक सभासद म्हणाले. दुसऱ्यांना ती चित्रांपेक्षा चौकशीच जास्त वाटली.

पुतण्याच्या मुलाशी त्यानंतर दूरध्वनीवर बोलणे झाले. तो रागावलेला होता, आणि तसे त्याने लपवले नाही. पारितोषिक परत करणार नाही म्हणाला. मीही आग्रह धरला नाही. बोलता बोलता त्याने विचारले, की लाओ भाषेत 'तुमचं नाव काय' याला काय म्हणतात ते मला माहीत आहे का. मी नाही म्हणालो. तुझ्या वसतिगृहात कोणाला तरी माहीत असेल, असे सांगितले.

पुढील वर्धापनदिनासाठी चित्रे मागवण्याचे परिपत्रक अजून निघायचे आहे. त्यातील अर्जाचा मसुदा चिटणिसांनी माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला पाठवला आहे. कॅमेऱ्याचा रकाना आहे, भिंगाचा आहे, ठिकाणाचा आहे, शीर्षकाचाही आहे. मी शुद्धलेखन तपासून, समासात तांबड्या शाईने आणखी एक रकाना आखून तो परत पाठवीत आहे.